तेराच्या पुढे

३ जून
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलं की कन्येला कसं घडवलंत, तर हाताशी पुरावा हवा.

कन्या आठवीत. शाळेच्या गणित स्पर्धेच्या वर्गाला जाते. तिथल्या बाई तीन आठवडे नुसत्या बाक्या काढायला लावतायत. याला सातने भागलं तर किती उरलं, त्याला नऊने भागलं तर किती उरलं. उरल्यासुरल्याचं एवढं कौतुक कशाला? आम्ही ऑफिसात उरलेलं किरकोळ खर्चात टाकून मोकळे होतो.

स्पर्धा आठवीपर्यंतच. म्हणजे कन्येचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर महिनाभर शिबिर. तिने शिबिराचं पत्रक टेबलासमोर भिंतीला चिकटवलंय आणि जेवताना त्याच्याविषयीच बोलते.

साडूचा दिवटाही त्याच वर्गात आहे. साडूचं टाइल्सचं दुकान. त्यांच्या घराण्यात अजून कुणाला त्रैराशिक जमलेलं नाही.

५ जून
कन्येचं नाव वर्गातून काढलं. मी शिकवणार. बावीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत, संख्या मला बघून उठून उभ्या राहतात.

कन्या रडली. आमच्या हिने विचारलं, तुम्हाला स्वतःला बारावीला गणितात किती होते? विषयांतर करायची हिची जुनी खोड.

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मुलीला खरोखर समज आहे, वर्ग सोडवू नका. मी हिला म्हटलं, बघ, फी बुडते म्हणून जीव तुटतोय. ही म्हणाली, वर्ग फुकट आहे.

६ जून, पहाटे ५ (सकाळी ८.१०)
गजर वाजला नाही. ही म्हणते, वाजला, तुम्हीच त्याच्या डोक्यात मारलीत. कन्या मात्र पाचपासून टेबलाशी बसली होती. शिस्त लागली. श्रेय माझं.

१४ जून
नंबर थिअरीचं जाडजूड पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर लेखकाशी मतभेद. म्हणे एक ही मूळ संख्या नव्हे. एकला फक्त एकनेच भाग जातो, याहून मूळ काय असतं? पुस्तक कन्येला दिलं. मी स्वतंत्र विचार करणार.

कन्येने पुस्तक एका दमात अर्धं संपवलं. वरवर वाचत असणार.

२ जुलै
शोध लागला!

३१ मूळ संख्या. ३३१ मूळ. ३३३१ मूळ. डावीकडे तीन लावत जा, शेवटी एक. ३३३३३३३१ पर्यंत गेलो. सातच्या सात मूळ! त्यापुढे कॅल्क्युलेटरमध्ये आकडे मावत नाहीत, आठच घरं आहेत. कंपनीने विचार करूनच आठ ठेवली असणार.

प्रत्येक संख्या दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेराने तपासली. तेराच्या पुढे सभ्य माणूस जात नाही.

कन्येला सांगितलं, हा आपला सिद्धांत. तिने विचारलं, सिद्धता? मी ऑडिटचा नियम सांगितला. गठ्ठ्यातली सात व्हाउचर बरोबर निघाली की गठ्ठा पास. म्हणाली, बाबा, इथे तसं नसतं, आठवं चुकू शकतं. तोंड वर करून बोलायची सवय त्या वर्गातली. आठवडाभर मोबाइल बंद.

१९ जुलै
ऑफिसात सिद्धांत सांगितला. साहेब म्हणाले, वा! शिपाईसुद्धा वा म्हणाला. घरात मात्र गाढवाला गुळाची चव काय.

कन्येने परत विचारलं, आठवड्यातून एकदा तरी वर्गाला जाऊ का? मी म्हटलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पुन्हा विचारलं नाही. समजूतदार झालीये.

९ ऑगस्ट
उद्या परीक्षा. साडू सहकुटुंब जेवायला आला. दिवट्याला शुभेच्छा द्यायच्या म्हणून मीच बोलावलं होतं, आणि सिद्धांतही कानावर घालायचा होता. घातला. साडू आ वासून ऐकत होता. तेवढ्यात कन्या एक कागद घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, अजून एक तीन लावला की सतराने भाग जातो.

मी कागद बघितलाच नाही. म्हटलं, नऊ आकडी संख्या कॅल्क्युलेटर घेतच नाही, म्हणजे ती हिशेबाच्या बाहेर. सगळे हसले. म्हणजे मी आणि साडू. साडू कुठे हसायचं ते माझ्याकडे बघून ठरवतो. टेबल डुगडुगत होतं, कागदाची घडी करून पायाखाली सारली. जाताना दिवट्याने ती काढून घेतली. त्याला कचरा गोळा करायची आवड दिसते.

पाहुणे गेल्यावर कन्येला आत बोलावलं. साडूसमोर बापाचं नाक कापलंस, म्हटलं. उद्या असा प्रश्न आला तर मी शिकवलंय त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ. मोडलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

तिने भिंतीवरच्या पत्रकाकडे बघितलं. मग बरं म्हणाली. हिला हे सांगितलेलं नाही. बायकांना उगाच टेन्शन.

१० ऑगस्ट, दुपारी १
आला! माझाच प्रश्न आला! चौथा. ३१, ३३१, ३३३१, या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळ असते का, सकारण लिहा. पेपर फाटकाबाहेर कुणाच्या तरी हातात बघितला आणि वॉचमनला मिठी मारली. तो मागे सरकला.

कन्या थेट घराकडे चालू लागली. दडपण असतं. काय लिहिलंस असं विचारलंही नाही. विश्वास म्हणतात तो हाच. शिबिरासाठी बॅग आणायला गेलो. मोठी घेतली, चाकांची.

२९ ऑगस्ट
यादी लागली. दिवटा आहे. कन्या नाही. एका प्रश्नाने हुकली.

तपासणीत घोळ. सूत्र कळलेलं नाही त्यांना. उद्या जाऊन बाईंना फैलावर घेतो.

३० ऑगस्ट
बाईंनी पेपर समोर ठेवला. सहापैकी पाच पूर्ण बरोबर. चौथा कोरा. नुसता प्रश्नाचा नंबर, खाली पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलेलं.

बाई म्हणाल्या, येत नाही तीही मुलं काहीतरी खरडतात. हिने हाच का सोडला, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हटलं, नाही.

मग दिवट्याचं उत्तर दाखवलं. ३३३३३३३३१ बरोबर १७ गुणिले १९६०७८४३. म्हणून सगळ्या मूळ नसतात. दीड ओळ, पूर्ण मार्क. बाई म्हणाल्या, मुलाने स्वतःच येऊन सांगितलं, हे माझं नाही, तिच्या कागदावरचं आहे. पण नियमाप्रमाणे आता काही करता येत नाही.

घरी कन्येला विचारलं. म्हणाली, खोटं लिहवेना आणि खरं लिहिलं तर तुमची शपथ होती. मी चिडलो. म्हटलं, शपथा काय, लोक उठताबसता घालतात. मोडल्या म्हणून कुणी मरतं का? आजवर एक तरी मेलेला पाहिलायस?

म्हणाली, सात बघून आठव्याचं सांगता येत नाही. आणि संख्या पुष्कळ असतात, बाबा, एक चुकली तर दुसरी घेता येते. बाबा एकच आहे. तो कसा तपासून बघणार?

बोलताना भिंतीवरचं पत्रक काढत होती. चिकटपट्टीबरोबर रंग निघाला. ही दारात उभी होती. हिने सगळं ऐकलं. बारावीचे मार्कसुद्धा काढले नाहीत.

२ सप्टेंबर
दिवटा शिबिराला गेला. त्याच्याकडे धड बॅग नव्हती, कन्येने आपली दिली. चाकांची. साडूने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुमच्या मुलीचे उपकार आहेत. त्याचे डोळे भरले होते. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

३ सप्टेंबर, पहाटे ५
गजर न लावता जाग आली. कागद घेतला आणि पेनने भाग घालून पाहिला. सतराने. पूर्ण गेला, खाली काही उरलं नाही. पाचवीतलं गणित आहे.

बाहेर आलो तर कन्या टेबलाशी बसलेली. समोर काही नाही, वही नाही, पुस्तक नाही. विचारलं, आता कशाचा अभ्यास? म्हणाली, कशाचाच नाही, सवय लागलीये, पाचला जाग येते.

श्रेय कुणाचं ते लिहीत नाही.