गाडीत एक जास्त भरतं

आप्पा, सोमवारी आम्ही साताऱ्याला राहायला जातोय. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्यात. भाडं ऐकून तुम्ही आधी दाढी खाजवली असती आणि मग म्हणाला असता, "एवढ्यात दर म्हैन्याला एक शेळी ईल की गं." येईल ना. पण लेकीची शाळा आता तिकडं, तिच्या व्हॅनचा खर्च, माझं पहाटेपासूनचं पळणं, आणि रहिमतपुरात राहिलं म्हणून गॅस-दूध कुणी फुकट देत नाही. तर आज कंपनीच्या गाडीनं माझी शेवटची फेरी झाली. जे घडलं ते घरात सांगितलं तर नवरा म्हणेल, हिला ऊन लागलंय. म्हणून तुम्हाला लिहितेय.

पाळी सुटायची तेव्हा ऊन अजून शेडच्या पत्र्यावर असायचं. तुम्ही ओतकामाच्या भट्टीवरून यायचा, अंगाला भाजलेल्या वाळूचा वास. मी नुकतीच पॅकिंगला लागले होते. सगळे चढले की तुम्ही पायरीवर एक पाय ठेवून आमच्यावरून नजर फिरवायचा, दोन-दोनच्या जोडीनं, ओठ मिटून. आजोबा खटावच्या माळावर मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहून असंच मोजायचे. आकडा तोंडानं म्हणायचा नाही, म्हटला की कळपातलं एक जातं, हे तुम्ही मला शाळेत जायच्या आधी शिकवलेलं. सगळी असली तर "भरलं" म्हणायचं, नसली तर "थांब रं, एक न्हाई." ड्रायव्हर तोवर गाडी हलवायचा नाही. मग तुम्ही त्याच्या मागच्या खिडकीपाशी बसायचा.

पॅकिंगच्या पोरी मला चिडवायच्या, "तुजं आप्पा आमास्नी चरायला न्हेत्यात व्हय गं?" मला लाज वाटायची. वीस-बावीस वर्षांचं वय, स्वतःचा पगार, शिंगं फुटलेली. त्या सकाळी तुम्ही चुलीपाशी चहात भाकरी बुडवत होता आणि मी डबा भरता भरता म्हटलं, "आप्पा, माणसं हायती ती, मेंढरं न्हाईत. आजपास्नं मोजू नका." तुम्ही भाकरीचा तुकडा संपवला. "बरं," म्हणाला, "न्हाई मोजत." एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी पायरीवर कुणी उभं राहिलं नाही आणि गाडी सुटली. गाडी गेल्यावर वॉचमनला तुम्ही सापडला, शेडमागच्या नळांपाशी बाकावर, खांद्यावर टॉवेल, एका बुटाची नाडी सुटलेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

तुमच्या मागं मोजायचं काम सुभेदारांनी घेतलं. मिलिटरीतून निवृत्त होऊन गेटवर सिक्युरिटीला लागलेले, देवाला नमस्कारही ताठ उभं राहून करणारे. ते मोठ्यानं मोजतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तेवीस हाओत आपण. चोवीस कशी भरली?" खाली उतरले, पुन्हा चढले, एकेकाच्या खांद्याला बोट लावून मोजलं. चोवीस. चक्क उजेडात, उघड्या डोळ्यांनी. "गिनती चुकत न्हाई माजी," असं पुटपुटत बसले. आठवडाभर तेच. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, जास्तीच भरतंय न्हवं? कमी तर न्हाई? चला मग." तेव्हापासून माणसं निवृत्त झाली, नवी लागली, आकडा बदलला, पण एक जास्त भरतंच. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीपाशी कुणी बसत नाही. बसू नका असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. भर पावसाळ्यातही तिथून भाजलेल्या वाळूचा वास येतो. या सगळ्या वर्षांत मी एकदाही मोजलं नाही. मी बाहेर बघत बसायची.

आज सुभेदार म्हणाले, "ताई, आज तुमी मोजा." पायरीवर पाय ठेवला, ओठ मिटले, जोडीजोडीनं नजर फिरवली. बरोबर भरलं, आप्पा. जेवढे होतो तेवढेच. खिडकीपाशी नुसतं फाटकं रेक्झिन. सगळे माझ्याकडं बघत होते.

"थांबा," मी म्हटलं, "एक न्हाई."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कोण नाही, असं कुणीही विचारलं नाही. मांडीवर भाजीच्या पिशव्या घेऊन बायका बसून राहिल्या. सुभेदारांनी वाटेतली आपली बॅग उचलून मांडीवर घेतली. कितीतरी वेळ गेला. मग तो वास आला. आला, का मला हवा होता म्हणून आला, ते सांगता येत नाही. मी "भरलं" म्हटलं आणि आत जाऊन बसले.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. सोमवारपासून मी कामावर चालत जाईन. एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी तुम्ही मोजलं नाही, पण मी मोजलं होतं. तुमचीच सवय. एक कमी भरलं होतं. वाटलं, रुसले असतील, येतील एसटीनं. आणि पोरींसमोर मी गप्प बसले.