संतापाचे पॉइंट आणि बारा खुर्च्या

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी शब्दशः. या खोलीतला गालिचा इतका जाड आहे की काल चष्मा शोधताना आठही अंगं त्याला टेकली, आणि टेकल्यावर लवकर उठावंसं वाटलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी तो गावातल्या वैद्यबुवांना जगवण्यासाठी अजून सांभाळून ठेवलाय? गच्चीतल्या कुंड्या, दारातलं मांजर, शेजारणीशी चाललेला भिंतीचा वाद, सगळं यथास्थित असेल असं धरून चालतो. दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मी तुझ्याशी बोलत नाही, त्यामुळे चौकशीची बरीच थकबाकी साठली होती. ती एका दमात भागवून टाकली.

या कागदाच्या माथ्यावरचा सोनेरी शिक्का तू एव्हाना नखानं खरवडून पाहिला असशील. खरा आहे. मी एका आलिशान हॉटेलात उतरलो आहे, एकटा, तीन दिवसांसाठी. ‘चैन ही चोरी आहे’ या विषयावर एकतीस वर्षं गावोगाव गर्जना करणारा तुझा धाकटा भाऊ या क्षणी पिसांच्या उशीला टेकून लिहितो आहे. हसून घे. पण हसून झाल्यावर माझी बाजूही ऐक, कारण आरोपीला बाजू मांडू द्यावी हे मला पहिल्यांदा तूच शिकवलंस.

ही खोली विमान कंपनीच्या पॉइंटांवर मिळाली आहे, आणि ते पॉइंट कुठून आले ते तुला ठाऊक आहेच. व्याख्यानांसाठी विमानानं हिंडू लागलो तेव्हापासून मी त्या कंपनीला तक्रारी लिहीत आलो. विमान उशिरा सुटलं, तक्रार. वेळेच्या आधी सुटलं, तक्रार (उशिरा येणाऱ्यांनाही हक्क असतात). चहा कोमट, खिडकी पुसलेली नाही, हवाईसुंदरीचं हसू मनापासूनचं नाही. मी येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचो आणि तू टाइप करायचीस. ‘नराधम’ काढून ‘संबंधित अधिकारी’ घालायचीस आणि तुझ्याच ईमेलवरून धाडून द्यायचीस, कारण माझा पासवर्ड मी कधीच लक्षात ठेवला नाही. कंपनी दर वेळी माफी मागायची आणि माफीसोबत पॉइंट पाठवायची. ते तुझ्या नावावर चढत गेले. मला वाटायचं मी भांडवलशाहीला जेरीस आणतोय. प्रत्यक्षात मी तिच्या दुकानात खातं उघडून बसलो होतो.

तर महिन्यापूर्वी माझ्या घरी कागद आला (तक्रारींखाली पत्ता माझाच असायचा), की पॉइंट वापरले नाहीत तर वर्षअखेरीस बाद होतील. माझा पुरता संताप झाला. पंधरा वर्षांचा निषेध त्यांच्या घशात परत घालायचा? तो वसूल करणं हे चळवळीतल्या माणसाचं कर्तव्य ठरतं. तुझ्या भावजयीला म्हटलं चल, तर म्हणाली, “घरात ऐकते तेवढं पुरे आहे. तिकडे तुम्ही एकटेच जा आणि एकटेच ऐका.” मग एकट्यानंच बुकिंग केलं. तेव्हा तुझ्या फोनवर ओटीपी गेला, आणि अर्ध्या मिनिटात तू तो मला पाठवलास. नुसते सहा आकडे. मागे ‘घे’ नाही, पुढे ‘मर’ नाही. दोन वर्षांत तू मला पाठवलेला एवढाच मजकूर. (मी तो बराच वेळ वाचला. त्यात दोनदा सात आला होता. त्याचा काही अर्थ लागतो का, हेही पाहिलं.)

इथे पोचल्यावर पहिला सामना झाला तो बॅग उचलणाऱ्याशी. पांढरे हातमोजे घातलेला, वयानं माझ्याहून मोठा माणूस. माझी बॅग दुसऱ्यानं उचलायची नाही, हा माझा नियम तुला माहीत आहे. मी त्याला दारातच थांबवलं आणि श्रमाची प्रतिष्ठा, मालक आणि मजूर, माणसाच्या पाठीचा कणा, असं सविस्तर सांगितलं. त्यानं मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं आणि मग अदबीनं म्हणाला, “साहेब, तुमचं चालू होतं तेवढ्यात आमच्या माणसानं बॅग वर नेऊन ठेवलीसुद्धा. आता तुम्हालाच पोचवायचंय.”

खोलीत शिरलो तर भिंतीएवढ्या टीव्हीवर अक्षरं उमटली, ‘सुस्वागतम्, मॅडम.’ मॅडम म्हणजे तू. खातं तुझं, म्हणून स्वागत तुझं. पलंगाशी मऊ चपला ठेवल्या होत्या, त्याही तुझ्या मापाच्या. माझ्या टाचा तीन दिवस फरशीवर आहेत. टीव्ही बंद केला तरी दाराची चाहूल लागताच तो जागा होतो आणि तुला नमस्कार करतो. एरवी माझं नाव असलेल्या फलकाखाली बसायची मला सवय. इथे मी तुझ्या नावाच्या फलकाखाली दात घासतो.

मग न्हाणीघर. तिथे भिंतीतून सहा ठिकाणांहून पाणी येतं आणि ते कुठल्या कळीनं येतं हे फक्त पाण्याला ठाऊक असतं. मी दिव्याची म्हणून एक कळ दाबली आणि सदरा, पायजमा, खिशातल्या भाषणाच्या टिपणांसकट नाहून निघालो. तसाच निथळत खाली गेलो आणि मॅनेजरला फैलावर घेतलं. ताई, चाळीस वर्षं सभा गाजवल्यात मी. समोरून दगड आलेत, अंडी आलीत, एकदा जिवंत कोंबडी आली. पण त्या मॅनेजरनं जे केलं ते कुणी केलं नव्हतं. तो म्हणाला, “आपलं म्हणणं अगदी रास्त आहे, सर.” आणि मला मोठी खोली दिली, वर फळांची परडी. परडी एका माणसासाठी लाजिरवाणी मोठी आहे अशी मी तक्रार केली. तीही रास्त ठरली आणि त्याहून मोठी खोली मिळाली. शेवटी मी सरळच विचारलं, की तुमचं हे हॉटेल समाजाच्या अंगावरचं गळू आहे असं मी म्हटलं तर? त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “तर त्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचलो होतो. या दालनात बारा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे. बारा खुर्च्या आणि मी. काल सकाळी शहर पाहायला बाहेर पडलो. हॉटेलनं गाडी दिली होती. ड्रायव्हरला म्हटलं, हे उंच मनोरे म्हणजे माणसाच्या गर्वाची थडगी आहेत. तो म्हणाला, “हो सर, एसी वाढवू का?” दुपारी जेवायला बसलो तर वेटरनं समोरची दुसरी प्लेट, सुरी, काटा, पेला, एकेक करून इतक्या हळुवार हातानं उचलले की कुणी नुकतंच वारलंय असं वाटावं. परत आलो आणि शेवटी त्या बारा खुर्च्यांपुढे उभा राहिलो. पाऊण तास बोललो. खुर्च्याही रास्त म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं की विरोध नसेल तर माझी वाक्यं उभीच राहत नाहीत, ओल्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी घसरतात. आणि विरोध म्हटला की एकच माणूस आठवतो. तिसऱ्या रांगेतला.

तो प्रसंग मी टाळत होतो, पण आता आलाच. माझ्या साठीच्या सत्काराला मी नेहमीची गोष्ट सांगितली, ज्या गोष्टीनं मी आजवरचं प्रत्येक भाषण सुरू केलं. पाचवीच्या वर्गाची काच फुटते, हेडमास्तर सगळ्या वर्गाला उभं करतात, आणि दहा वर्षांचा मी ताठ मानेनं म्हणतो, “सर, काच तुमच्याच छत्रीच्या टोकानं फुटली.” टाळ्या पडत होत्या आणि तू तिसऱ्या रांगेतून उठून म्हणालीस, “अरे, तू तेव्हा बाकाखाली होतास.” माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा त्या दिवशी पिकला, आणि तो तुझ्या वाक्याला. घरी येऊन मी जाहीर केलं की तू माझा जाहीर अपमान केलास. तू म्हणालीस, मी फक्त दुरुस्ती केली. तेव्हापासून अबोला.

आज सकाळी खोली आवरणारी बाई आली. पन्नाशीची, तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारी. ती समोरच्या मोठ्या काचा पुसत होती, म्हणून मला काच आठवली, म्हणून मी गोष्ट सांगितली. (श्रोता हातात फडकं घेऊन उभा असला तरी मी सोडत नाही.) ती थांबली. वा म्हणाली नाही, रास्तही म्हणाली नाही. तिनं विचारलं, “फुटलेली काच होती कुठं?” मी म्हटलं, मागच्या दाराशेजारी. “आणि तुमची तोंडं?” फळ्याकडे. “मग छत्री लागलेली तुम्हाला दिसली कशी? मागच्या काचेचं मागं असलेल्यालाच दिसणार. दारात कोण उभं होतं?”

ताई, चाळीस वर्षांत हजारो लोकांनी ती गोष्ट ऐकली. वकिलांनी ऐकली, प्राध्यापकांनी ऐकली. हा प्रश्न काच पुसणारीनं विचारला. मी म्हणालो, दारात माझी ताई होती. सातवीत होती. माझी विसरलेली वही द्यायला आली होती. काच खळ्ळकन फुटली तसा मी बाकाखाली गेलो, आणि हेडमास्तरांना जे सांगायचं ते तिनं दारातून सांगितलं. उलट बोलली म्हणून तिच्या हातावर दोन पट्ट्या बसल्या. त्या मी बाकाखालून ऐकल्या. एवढं सगळं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, आणि बोलताना मला कळलं की तुझं धाडस मी माझ्या नावावर केलं, पण त्या पट्ट्यांना मात्र कधी हात लावला नाही. त्या तुझ्याच नावावर राहू दिल्या. चैन ही चोरी असेल तर याला काय म्हणायचं ते मला माझ्याच व्याख्यानात सापडत नाही.

बाईनं चादरीचं टोक गादीखाली खोचलं आणि म्हणाली, “मग तिला का नाही आणलं? एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत.” आणि टॉवेल मोजायला लागली.

तर हे असं आहे. मी माफी मागतो. चाळीस वर्षं तावातावानं बोलणाऱ्याला तीनच शब्दांचं वाक्य लिहायला किती वेळ लागला, हे विचारू नकोस. भावोजींना नमस्कार. मांजराला माझ्याबद्दल जे काही सांगितलं असशील ते परत घे, किंवा नको घेऊस, खरंच असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. जाताना अभिप्रायाचा कागद भरून घेतात. मी मनापासून लिहिलं, ‘या हॉटेलात फक्त खोली आवरणाऱ्या बाईनं माझं म्हणणं खोडून काढलं.’ ही माझी जन्मातली पहिली लेखी स्तुती. मॅनेजरनं ती तक्रार समजून बाईला तडक खाली बोलावलं. तिचा चेहरा उतरलेला पाहिला. मग मी बोललो. पाच मिनिटं, टिपणांशिवाय, एकही सुविचार न वापरता. तुमच्या अख्ख्या हॉटेलात माझ्याशी माणसासारखं वागलेली ही एकटीच, हिला बोल लावाल तर आधी मला लावा. तिच्या नोंदीत ‘प्रशंसा’ असं त्याच्या हातानं लिहून घेतलं, सही शिक्क्यासह, तेव्हाच खुर्चीवरून उठलो. बाई जाता जाता मला म्हणाली, “पुढच्या वेळी तोंडी सांगा, साहेब.” झाल्या गैरसमजाबद्दल मॅनेजरनं माफी मागितली आणि पुन्हा ढीगभर पॉइंट दिले. दोन माणसं तीन दिवस राहू शकतील एवढे. अर्थात तुझ्या खात्यावर. म्हणून, मूळ काम असं आहे, की पुढच्या रविवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता मी दोघांचं बुकिंग करीन आणि तुझ्या फोनवर सहा आकडे येतील. पत्र लिहिण्याचं तेवढंच एक कारण, असं तू म्हणणार. अगदीच चूक नाही.

आणखी एक ता. क. त्या मऊ चपला मी बॅगेत टाकल्या आहेत. ही चोरी नव्हे. फलकावर नाव तुझं होतं.

शेवटचा ता. क. पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे आणि गोष्ट खरीच सांगायची असं ठरवलं आहे. तिसऱ्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो. फक्त एक विचारतो. ‘बाकाखाली’ऐवजी ‘बाकाजवळ’ म्हटलं तर चालेल का? तुझं उत्तर मला माहीत आहे. तरी रविवारी आकडे पाठवशील तेव्हा त्यांच्या आधी ते लिही. नुसतं ‘नाही’ लिहिलंस तरी पुरे.