सत्तेचाळिसावं दार

मंगळवार, ३ मार्च

घडलं ते आधी क्रमाने.

१. रविवारी सकाळी ९.४० ला दाजी चार हौशी पाणबुड्यांना घेऊन बुडवलेल्या जहाजावर उतरले. खोली २८ मीटर.
२. १०.०२ ला चौघांपैकी एक – दातांचा डॉक्टर, वय ४१ – खालच्या डेकवरच्या बोळात फोटो काढायला मागे थांबला.
३. त्याच्यामागे दार बंद झालं. असं दाजी म्हणतात. बाकीचे तिघे तोवर बोळाबाहेर गेले होते, त्यांनी काही पाहिलं नाही.
४. ते उघडायला दाजींना अकरा मिनिटं लागली. डॉक्टरच्या सिलिंडरमध्ये, तो अगदी शांत राहिला असता तरी, नऊ मिनिटांची हवा होती.
५. त्याची बायको वर बोटीत टॉवेल घेऊन बसली होती.
६. त्या जहाजावर एकही दार नाही. असं मी म्हणते. दोन वर्षांपूर्वी, माशांना आणि प्रवाळांना घर म्हणून ते बुडवण्याआधी, सगळी सत्तेचाळीस दारं काढली – कोणी आत अडकू नये म्हणून. तपासनीस म्हणून दाखल्यावर माझी सही आहे.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. मला पाण्याखाली श्वास घ्यायला त्यांनीच शिकवलं.

बुधवार, ४ मार्च

चौकशी समितीपुढे दाजी. ताई आणि मी मागच्या खुर्च्यांवर. अध्यक्षांनी माझा दाखला टेबलावर सरकवला. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तुम्ही एकदम दाराचाच घेतलात की." दोघेतिघे हसले. दाजी खाली बघत राहिले.

दाजींचा परवाना स्थगित. जहाजावर उतरायला सगळ्यांना बंदी. सोळा तारखेला निकाल – खोटं बोलले असं ठरलं तर पुढे पोलीस.

डॉक्टरची बायकोही आली होती. तिने एकच विचारलं, "आत दार आहे हे कुणाला माहीत होतं का?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तिथे दारच नव्हतं."

"मी ते नाही विचारलं."

अध्यक्षांनी पुढचा कागद ओढला.

जिन्यात ताईने माझा दंड धरला. "तुझा कागद खरा, की माझा नवरा?"

"मी मोजली होती, ताई."

"लहानपणी तू पायऱ्याही मोजायचीस. पडायचीस तरी."

गुरुवार, ५ मार्च

नकाशात सत्तेचाळीस. दाखल्यात सत्तेचाळीस.

शनिवार, ७ मार्च

मी दारं मोजली होती. चौकटी मोजल्या नव्हत्या.

हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

त्या वेळी गोदीत उन्हाने पत्रा तापला होता. जहाजाच्या पोटात तेलकट चिखल, दिवे नाहीत, शिड्या कापलेल्या. गॅस-कटरवाल्यांचा फोरमन म्हणाला होता, "मॅडम, दारं समोर रचून ठेवलीत. ती मोजा ना. भोकं कसली मोजताय? भोक काय पळून जातं?" मला हसू आलं होतं. नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि कोणी मला हसवत नव्हतं. मी ढीग मोजला. सत्तेचाळीस. सही केली.

आज त्या ढिगाचे जुने फोटो मोठे करून बघितले. आमच्या जहाजाच्या दाराला सहा खिट्ट्या. तिसऱ्या थप्पीतल्या एका दाराला चार. शेजारच्या धक्क्यावर तेव्हा एक टगबोट, जहाजं ओढणारी, तोडत होते.

म्हणजे ते दार तिचं. ढिगात आमची शेचाळीस. एक खाली आहे.

फोरमनला फोन केला. "लोखंड ते लोखंड, मॅडम. त्यावर काय गाव लिहिलेलं असतं?" मग – "सही माझी नाहीये पण."

ऑफिसात माझ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "समितीने विचारलं का? नाही ना? मग हाताने धोंडा पायावर कशाला?"

सोमवार, ९ मार्च

ताईकडे गेले. दोघांना सांगितलं – चूक माझी असावी. खाली जाऊन दाराचा फोटो आणते, मग समितीला लिहून देते.

ताई रडली, मग उठून चहा टाकला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या घरात भांड्यांचा आवाज झाला.

दाजी बादलीत मास्क धूत होते. धुतलेलाच पुन्हा धूत होते. "खाली जाऊ नकोस. बंदी आहे."

"फोटोशिवाय कोण मानेल?"

"मी सांगितलंय दार होतं म्हणून. तू नुसतं लिहून दे. फोटो कशाला?"

ताई म्हणाली, "हिला अडवून बघा. तुम्हीच शिकवलंत, आता भोगा."

त्यांना माझी काळजी वाटते, असं मी बसमध्ये ठरवलं.

बुधवार, ११ मार्च

सकाळी ६.१५. सोबत दाजींच्या बोटीवर सिलिंडर भरणारा पोरगा, ज्याला आम्ही बुटका म्हणतो. तो बोळाच्या तोंडाशी दिवा धरून थांबला, आत मी एकटी.

दार आहे. खालचा डेक, डावीकडची सहावी चौकट. सहा खिट्ट्या, एक वाकलेली – दार लागल्यावर तीच अडकली असणार, दाजींनी पहार घातली ती जागा. पाणी आत-बाहेर होतं तसं दार हलतं. हळू, आवाज न करता. मी हात लावून पाहिला. पाण्यात इतकं जड दार इतकं हलकं हलतं, हे मला आकड्यांत माहीत होतं.

दाराच्या मुठीला निळी नायलॉनची दोरी. तिचा दुसरा तुकडा समोरच्या भिंतीवरच्या पाइपाला. मधे तुटलेली, कडेच्या गंजावर घासून झिजलेली. दार उघडं राहावं म्हणून कोणीतरी बांधलेलं.

दोन्हीकडे एकच गाठ. दोन वेढे, तिसरा उलटा, शेपूट आत. "माझी गाठ आपोआप सुटली तर मिशा काढीन" – पहिल्या धड्याला दाजी म्हणाले होते.

गाठ सुटलेली नव्हती. तिच्यावर शिंपले वाढलेत, शर्टाच्या बटणाएवढे. इथल्या पाण्यात तेवढं व्हायला वर्ष लागतं. जास्तच.

दाराचे फोटो अठरा. हवा ठरवल्यापेक्षा चार मिनिटांची जास्त गेली. कारण आज लिहीत नाही.

गुरुवार, १२ मार्च

दाजींना जेटीवर गाठलं. मी फक्त "निळी दोरी" म्हटलं. ते खाली बसले.

"पहिल्याच हंगामात दिसलं. दीड वर्ष झालं."

"कळवलं का नाहीत?"

"वर्षभर जागा बंद झाली असती. आणि सही तुझी होती. तू नुकती नोकरीला लागलेलीस. म्हटलं, बांधून टाकू. दर पंधरवड्याला बघायचो. यंदा दोन वेळा राहिलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"कळवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते उठून बोटीचा दोर आवळू लागले. मग – "तुझ्या ताईला यातलं काही माहीत नाही."

रागावता आलं नाही. माझ्या सहीसाठी कोणीतरी दीड वर्ष गाठ बांधून ठेवली होती, आणि तिच्यापायी एक माणूस मेला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाने दुसरं कमी होत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

समितीसाठी निवेदन लिहिलं. मुद्दे आठ. पहिले सात माझे: ढीग, चौकटी, चार खिट्ट्या, सही. ते वाचून दाजी सुटतात, मी अडकते. ते ठीक आहे.

आठवा दोरीचा.

सात मुद्द्यांचा कागद खोटा नाही. अपुरा आहे. गेल्या वेळचाही तसाच होता.

डॉक्टरच्या बायकोचं वाक्य सारखं आठवतं. मी ते नाही विचारलं.

शनिवार, १४ मार्च

ताईला पाठवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

ताई, दार होतं. माझ्या चुकीने राहिलं. दाजी खोटं बोलले नाहीत. पण दार आहे हे त्यांना दीड वर्ष माहीत होतं. त्यांनी ते दोरीने बांधून ठेवलं होतं. त्यांना विचार, ते सांगतील. ती दोरी आता खाली नाही. बुधवारी मी दोन्ही गाठी सोडवून वर आणली – चार मिनिटं लागली. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. तिचा फोटो मी काढलेला नाही. बुटक्याने पाहिलेली नाही. निवेदन सोबत आहे. आठवा मुद्दा ठेवायचा की काढायचा, हे मला एकटीला ठरवता येत नाही. कागद सोमवारी सकाळी दहाला द्यायचा आहे. उद्या, रविवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळव.