मम्मी म्हणाली होती

प्रिय एस्तेर,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. लग्न ठरल्यावर लिलीच्या हाती तुझ्या माहेरी, सौंसरला एक चिठ्ठी पाठवली होती, ती तू शुद्धलेखन तपासून परत पाठवलीस. त्यानंतर मी हात जोडले. आज बारा वर्षांनी पुन्हा बसलोय, तेव्हा या वेळी लाल पेन बाजूला ठेव.

तिगावला ड्यूटीवर आहे. आत्ताच एक मालगाडी गेली, पुढच्या गाडीला वेळ आहे. दोन वाजता सुटेन, तीनपर्यंत पांढुर्ण्याला घरी पोचेन, आणि तोपर्यंत मला योनूच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. काल त्यानं विचारलं तेव्हा 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. आज सकाळी मी दार ओढून घेताना तो अंथरुणातूनच म्हणाला, "पप्पा, उद्या झाला न आता?" साडेपाच वर्षांचं पोर, पण काही सोडत नाही. तुझ्यावर गेलाय.

तू गेलीस तेव्हा तो साडेतीनचा होता आणि शमू आठचा. पहिले काही दिवस घरात बोलणंच नव्हतं. मी तर तुझं नावसुद्धा काढत नव्हतो. पोरांसमोर रडण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं. कोणाला विचारून ठरवलं? कोणालाच नाही.

मग एक दिवस योनू दोडक्याची भाजी खाईना. मी आवाज चढवणार तेवढ्यात शमू शांतपणे म्हणाला, "योनू, मम्मी म्हणाली होती, दोडका खाल्ला की पाय लंबे होतात." योनूनं ताट पुसून खाल्लं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

तेव्हापासून घर तुझ्या हुकमावर चालायला लागलं. मम्मी म्हणाली होती, नखं शनिवारी कापायची, रविवारी चर्चमध्ये हात स्वच्छ दिसले पाहिजेत. मम्मी म्हणाली होती, भांडण मिटल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. मम्मी म्हणाली होती, धाकट्यानं भिंतीकडून झोपायचं. शमू सांगायचा, योनू ऐकायचा, आणि खरं सांगू का, मीही ऐकायचो. एकदा मी चप्पल दारात आडवी टाकली तर योनूनं मलाच सुनावलं. मी मुकाट्यानं सरळ करून ठेवली.

एकच हुकूम मला खोटा वाटायचा. पप्पा चिडून आले की आधी पाण्याचा गिलास द्यायचा, मग बोलायचं. मी चिडतो का गं? पण दारात पाय ठेवला की योनू माझं तोंड निरखून पाहायचा आणि बहुतेक वेळा गिलास आणायचाच.

आणि जेवणाआधीची प्रार्थना. आपली नेहमीची झाली की शमू शेवटी एक ओळ जोडायचा, "आणि जो अजून घरी आला नाही, त्याला सांभाळून आण." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घास तसाच राहिला. मला वाटलं, म्हणजे मी ड्यूटीवर असताना तू पोरांना घेऊन माझ्यासाठी हे म्हणत होतीस, आणि मला कधी कळलंच नाही. तेव्हापासून इथे डबा उघडला की मीही डोळे मिटून ती ओळ म्हणतो. दोन वर्षं म्हणतोय.

आता मूळ गोष्टीवर येतो. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं आपापले लाकडी नंदी सजवून घरोघर खाऊ मागायला निघणार होती. शेजारच्या काळे काकूंनी त्यांच्या नातवाचा जुना नंदी योनूसाठी काढून ठेवला होता, चाकांना तेल घालून, शिंगांना रंग लावून. योनू आठवडाभर त्या नंदीच्याच गोष्टी करून राहिला होता. आणि आदल्या संध्याकाळी शमूनं सांगितलं, "मम्मी म्हणाली होती, आपण ख्रिस्ती आहोत, आपण नंदी फिरवायचा नाही."

योनू माझ्याकडे पाहायला लागला. मी काय बोललो असेन? काही नाही. देवाधर्माचं सगळं तुझ्याकडे होतं. संडे स्कूल तू घ्यायचीस, पोरांना वचनं तू पाठ करून घ्यायचीस, मी फक्त इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसायचो. तू नाही म्हणाली असशील तर काहीतरी असेल, असं म्हणून मी मान हलवली. योनू रडलासुद्धा नाही. काकूंना नंदी परत देऊन आला आणि आल्यावर म्हणाला, "मम्मी नाही म्हणाली न, मग जाऊ दे." तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझी ड्यूटी होती, मी इकडे निघून आलो.

काल रविवारी पोरांची लिलीमावशी आली सौंसरहून. चर्च झालं, कोंबडीचा रस्सा झाला, आणि जेवणं आटोपल्यावर तिनं पिशवीतून एक फोटो काढला. कपाट आवरताना सापडला म्हणाली. शमूच्या हातात देत म्हणाली, "हे पाह्य रे, तुझा पहिला तान्हा पोळा."

तुमच्या सौंसरच्या अंगणातला फोटो आहे. शमू तीन वर्षांचा, हातात नंदीची दोरी, आणि तू खाली बसून नंदीच्या पाठीवर झूल बांधते आहेस. तुझ्याच हिरव्या ब्लाउजच्या कापडाची. लिली हसून सांगत होती, चर्चमधल्या एक बाई तेव्हा कुरकुरल्या, तर तू म्हणालीस, "लाकडाचा बैल हाय तो. काय मागून राहिला तुमच्याजवळ?"

योनूनं फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाला, "पप्पा, मम्मी तर नाही म्हणाली होती न?" त्यानं फोटोतल्या नंदीवर बोट ठेवलं. "मग मम्मीनं दादाला काऊन दिला? मला काऊन नाही?"

तुला कळतंय का त्यानं काय समजून घेतलं? दादा खोटं बोलला असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला वाटलं, मम्मीनं दादाला एक दिलं आणि त्याला नाही. एस्तेर, मी तुझ्यावर रागावलो त्या क्षणी. मग शमूवर. मग कोणावर रागवावं तेच कळेना. शमू तोवर उठून गेला होता.

गच्चीवर सापडला, पाण्याच्या टाकीमागे. मी शेजारी बसलो.

"झूठ बोलला का तू?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

तो गुडघ्यात तोंड घालून बोलत होता. "पहिले सगळं खरंच होतं. मग माझ्याजवळचं संपलं, पप्पा. योनू रोज विचारते, अजून काय म्हणाली मम्मी, अजून सांग न. मी कुठून आणू?"

मी नंदीचं विचारलं.

"नदीवर गोटमारीची जत्रा होती न त्या दिवशी. तुम्ही ड्यूटीवर होते. पोरं नंदी फिरवून झाले की पाहायला नदीवर पळतात. दोन गावांचे लोक मारतात, तिकडून दगड येतात, इकडून दगड जातात. हा पळाला असता तर? त्याला लागला असता तर मी काय केलं असतं?" मग म्हणाला, "मी नाही म्हटलं तर तो ऐकत नाही. मम्मी नाही म्हणाली तर ऐकते."

दहा वर्षांचं पोरगं. दोन वर्षं धाकट्याला सांभाळून राहिलं आणि मी त्याला शहाणा मुलगा म्हणून पाठ थोपटत होतो. त्याला भीती वाटत असेल, हे मला एकदाही सुचलं नाही.

मी हळूच विचारलं, "आणि जेवणाआधी जी ओळ म्हणतो ती?"

"जो अजून घरी आला नाही ती? ती माझीच. तुम्ही उशिरा यायचे न. मला वाटे, तुम्ही पण नाही आले तर."

मी त्याला जवळ ओढलं.

मग तुझं म्हणून जे जे घरात चालतं, ते एकेक विचारायला लागलो. नखं? तुझं. भांडणाचं? अर्धं तुझं, अर्धं त्याचं. भिंतीकडून झोपायचं? त्याचं. पाण्याच्या गिलासाचं विचारलं तर एकदम मान वर करून म्हणाला, "ते मम्मीचंच. सच्ची." खाली येऊन लिलीला विचारलं. ती हसायलाच लागली. "भाऊजी, ती आमच्या बाबांबद्दल पण हेच म्हणे. आम्ही लहानपणी गिलास घेऊन दारातच उभ्या राहत होतो." म्हणजे जे खोटं वाटलं ते खरं निघालं, आणि ज्या ओळीवर मी दोन वर्षं डबा खाल्ला ती पोराची निघाली. आता मला सांग, मी कोणत्या तोंडानं म्हणू की तुला मी चांगलं ओळखत होतो?

आणि खोटं तरी कशाला म्हणायचं? तूच त्याला शिकवलंस, खोटं बोलू नये. मग मी त्याला शिक्षा करायची का? पाळकसाहेबांना विचारावं असं मनात आलं, पण विचारणार काय? शिवाय नंदीचं तुझं मत नंतर बदललं नसेल कशावरून? सौंसरला हो म्हणालीस, पांढुर्ण्यात गोटमारीच्या दिवशी तू तरी योनूला सोडलं असतंस का? कदाचित शमू म्हणाला तेच तू म्हणाली असतीस. जितका विचार करतो तितका गुंता वाढतो. दोडक्याचं मात्र मी विचारलं नाही. ते तुझं का त्याचं, मला नकोच कळायला.

सकाळपासून हेच चाललंय डोक्यात. स्टेशन मास्तरांनी दोनदा विचारलं, बरं आहे न. मघाशी त्यांनी गाडीचा निरोप सांगितला, मी नेहमीसारखा परत म्हणून दाखवला. आमच्यात तसंच असतं. सांगणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं, तेव्हा कुठे तो निरोप पोचला असं धरतात. म्हणताम्हणता मला नागपूरची ती दुपार आठवली.

दवाखान्यातली. पोरं खाली काळे काकूंजवळ होती. तू डोळे उघडून म्हणालीस, "शमू मला नाही विसरणार. योनू विसरून जाईल. तुम्ही त्याला माझं सांगत जा, रोज थोडं." मी मान हलवली. मान हलवलेली तुला कधीच पटायची नाही. तू म्हणालीस, "परत म्हणून दाखवा. स्टेशनवर म्हणता तसं." तेवढ्या तापातही तुला माझी थट्टा सुचत होती. आणि मी काय केलं? "असं काही बोलू नकोस" म्हणालो आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर निघून गेलो.

निरोप मला दिला होतास, एस्तेर. शमूला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी गप्प बसलो म्हणून त्यानं ते काम उचललं, आणि त्याच्याजवळचं संपलं तेव्हा मनचं घालून पुढे चालू ठेवलं. माझ्याजवळ तर अख्खी दहा वर्षं पडून होती. मी त्यातलं एकही बाहेर काढलं नाही. त्या पोरानं मागितलं असतं तर दिलं असतं का मी? तेही मला माहीत नाही.

अजून सगळं उलगडलंय असं नाही. योनूला उत्तर दिल्यावर तो दादाचं ऐकेल की नाही, ठाऊक नाही. दादा झूठा म्हणून चिडवेल का, की त्यालाच बिलगेल, तेही ठाऊक नाही. पण तीन वाजता घरी गेलो की त्याला सांगणार आहे, "मम्मी नंदीला नाही म्हणाली नव्हती. दादा म्हणाला होता, कारण तुला काही होईल म्हणून तो घाबरला होता. मम्मीनं तुला द्यायचं काही बाकी ठेवलं नाही. आणि मम्मी काय म्हणाली होती ते आता दादाला विचारू नको, मला विचार." आज त्याला त्या शुद्धलेखनाच्या चिठ्ठीचं सांगतो. ते ऐकून हसेल तो.

शमूला सांगेन की त्याची ड्यूटी संपली, आता मी आलो. पुढच्या तान्ह्या पोळ्याला रजा टाकून दोघांना सौंसरला नेईन. झूल लिली शिवेल. ती ओळ मात्र जेवणाआधी म्हणत राहू, शमूचीच म्हणून.

दोन वाजायला आले. जाण्याआधी एक राहिलंय.

शमू मला नाही विसरणार. योनू विसरून जाईल. तुम्ही त्याला माझं सांगत जा, रोज थोडं.

परत म्हणून दाखवलं. पोचला निरोप.

तुझा,
विजय