मला ताप नव्हता

रविवार, ९ जून

प्रिय मामा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, त्यामुळे ती माझ्यावर कुरकुरते. तुमच्या ऑफिसातला पंखा दुरुस्त झाला का? टायपिस्टबाईंना नमस्कार सांगा.

आईच्या हाती पाठवलेलं दाखल्याचं पाकीट मिळालं. तुमच्या डॉक्टर मित्रांचं अक्षर छान आहे. मला न बघताच त्यांनी परीक्षेच्या दिवशी ताप चढवला, हेही कौतुकाचंच. कॉलेजात सगळी वर्षं पहिली आलेली मुलगी लॉच्या प्रवेश परीक्षेत आपटली, तर काहीतरी कारण द्यायलाच हवं, हे तुमचं म्हणणं आईने मला समजावलं. अर्जाला दाखला जोडला तरच तुम्ही शिफारसपत्रावर सही करणार, हेही सांगितलं. मावशी तर रोज फोन करून विचारते, "आता कणकण नाही ना गं?" म्हणजे बातमी घरभर करून झाली आहे.

मामा, मला ताप नव्हता. मी ठणठणीत होते, पोटभर जेवून गेले होते.

खरं काय झालं ते सांगत नव्हते, कारण सांगितलं असतं तर बोट तुमच्याकडे वळलं असतं. सुट्टीत तुमच्या वकिलीच्या ऑफिसात बसायला लागले तेव्हापासून तुमचा एकच हेका: कागद दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा शेवटच्या परिच्छेदाकडून वर. घाईत डोळा सरकतो, म्हणायचात. परीक्षेत मी प्रत्येक उतारा तसाच वाचला. आजूबाजूची मुलं भराभर पानं उलटत होती आणि मी आपली खालून वर चालले होते. सोडवलं त्यात फारसं काही चुकलं नाही. शेवटचा भाग मात्र कोरा राहिला आणि घंटा झाली.

खूप रडले. मग राग आला, तो अजून गेलेला नाही. याच सवयीने तुम्ही त्या शिंपिणीचं दुकान वाचवलंत ना? करारातलं शेवटचं कलम समोरच्या वकिलांनी धड वाचलंच नव्हतं. ते तुम्ही छाती फुगवून सांगता. तीच सवय माझ्यात दिसली की तिला ताप म्हणायचं?

दाखला परत पाठवते आहे. अर्ज तुमच्या शिफारशीशिवाय गेला, आणि कमी गुणांबद्दल जे घडलं तेच त्यात लिहिलं. काल लॉ कॉलेजमधून एका बाईंचा फोन आला. "एवढ्या कमी गुणांवर आम्ही सहसा बोलावत नाही," म्हणाल्या, "पण हे तुमच्या तोंडून ऐकायचंय." गुरुवारी मुलाखत आहे. घेतील की नाही, देव जाणे. नाही घेतलं तर घड्याळ लावून सराव करीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, पण आजारी पडणार नाही.

ही सवय कुणी लावली, असं त्या विचारतीलच. मी तुमचं नाव सांगणार आहे. लाज वाटत असेल तर गुरुवारच्या आत कळवा. कळवलंत तरी सांगेनच.

तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
भाची