मागे घेतलेला बदल

बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. शंकासुरास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, मेलही बघत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. लिहायची सवय इतकी सुटलीय की माझंच अक्षर मला लागत नाही. आम्ही बरे आहोत. ह्यांची दाढ काढली, त्यामुळे चार दिवस घरात शांतता होती. स्वयंपाकघरातला नळ प्लंबर दुरुस्त करून गेल्यापासून जास्त गळतो.

काल सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. तू राजीनामा दिलास म्हणे. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसतोस, ताट पुढे ठेवलं तर दोन घास खातोस. "ताई, तो एकच वाक्य बोलतो," ती म्हणाली. "माझ्यामुळे माणूस गेला." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी ओळीने लिहिते. ओळीने लिहिलं की मला पळवाट राहत नाही.

डिस्क सांभाळणारी ती नवी चिप कॉम्प्युटर झोपेतून उठताना अडकायची. तिच्या दोषावर तोडगा म्हणून तू कर्नलमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीतल्या, ड्रायव्हर प्रोग्राममध्ये बदल केलास, उठतानाची एक पायरी गाळलीस. नव्या चिपवर ते नीट चाललं. जुन्या चिपवर मात्र उठल्यानंतर लिहिलेलं डिस्कपर्यंत पोचेना, आणि मशीन आपलं 'जतन झालं' म्हणत राहिलं. सोळा तक्रारी आल्या. पंधरा जणांचे फोटो, प्रबंध असं काही ना काही गेलं. सोळावी तक्रार रक्ततपासणीच्या लॅबमधल्या बाईंची. एका दुपारचे सगळे रिपोर्ट गेले. त्यातला एक बघून डॉक्टर औषध बदलणार होते. तो पेशंट दुसऱ्या दिवशी वारला.

त्या ड्रायव्हरमध्ये काय घ्यायचं, काय काढायचं ते माझ्याकडे, म्हणून मागच्या सोमवारी मी तुझा बदल मागे घेतला. मागे घेताना नोंदीत कारण लिहावं लागतं, मूळ बदल कोणाचा तेही. तुझं नाव लिहिलं. आणि खाली लिहिलं की हा बदल तेव्हा जुन्या चिपवरही तपासला होता, दोष दिसला नव्हता.

ते वाचून तू काय समजलास हे मला कळतं. ताईने तपासूनही निसटलं, म्हणजे तपासणीत काही राहिलं नव्हतं, सगळी चूक आपलीच. आपली या कामाची लायकीच नाही. असंच ना?

मधे दोनदा उठून चहा केला. एक कप तसाच गार झालाय.

मी तपासलं नव्हतं.

मार्चमध्ये तू जुन्या चिपचा बोर्ड कुरिअरने पाठवलास. नवे बदल घ्यायची मुदत शुक्रवारी संपत होती आणि सोमवारी तुझा इंटरव्ह्यू होता. आठ महिने तू घरी बसला होतास. निदान 'माझं काम कर्नलमध्ये गेलंय' एवढं तरी तुला सांगता यावं, असं मला फार वाटत होतं. आणि मनात म्हटलं, हा कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस, याच्या शंकांना किती भीक घालायची. तपासणाऱ्याच्या ओळीत दोन्ही चिपपुढे माझं नाव टाकलं आणि मोकळी झाले. पार्सल न फोडताच कपाटात गेलं, ह्यांच्या जुन्या बुटांच्या खोक्यावर.

त्या ओळीवर विश्वास ठेवून कर्नलवर काम करणाऱ्या बाकीच्यांनी तुझा बदल घेतला. मागच्या सोमवारी तेच खोटं मी पुन्हा लिहिलं. तेव्हा मुदत नव्हती, तुझा इंटरव्ह्यू नव्हता. फक्त माझी कातडी वाचवायची होती. तुझ्यामुळे कोणी गेलेलं नाही. माझ्यामुळे गेलं.

काल फोन ठेवला आणि पार्सल काढलं. तू चिकटपट्टी इतकी गुंडाळलेली की कात्री हरली. बोर्ड जोडण्यात दुपार गेली. दोष दिसायला चार मिनिटं लागली.

आज सकाळी त्या सगळ्यांना मेल पाठवली. मी दोन्ही वेळा खोटं लिहिलं, तू बोर्ड पाठवला होतास, सगळं सांगितलं. तो ड्रायव्हर सांभाळायचं काम सोडलं. लॅबमधल्या बाईंना वेगळं लिहिलं, त्यांचं उत्तर आलेलं नाही. पण सोमवारची ती नोंद तशीच राहणार. ती आता कोणालाच खोडता येत नाही, मलाही नाही. दहा वर्षांनी कोणी उघडली तर तुझंच नाव दिसेल, आणि माझी मेल तो शोधेलच असं नाही.

माफी मागत नाही, ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला टाकू? तू जेव. बायकोशी बोल.

बोर्डाखाली तुझी चिठ्ठी होती. तू विसरला असशील, म्हणून जशीच्या तशी उतरवते. 'ताई, यावर लावून बघितल्याशिवाय बदल घेऊ नकोस. मला खात्री नाही. इंटरव्ह्यू गेला तरी चालेल.'

मी ती काल पहिल्यांदा वाचली.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
ताई