उपाशी पोटी बोललेलं

माई, तुझाच आजार आता मलाही झाला आहे. तुझाच म्हणताना मला थोडं बरं वाटतं, हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेशील. तुझं सरळ नाक मला आलं नाही, गाता गळा आला नाही, वाटणीला आली ती साखर. दोन वर्षं एका गोळीवर भागत होतं. मग ती पुरेना, म्हणून इथल्या, देवासच्या डॉक्टरांनी दोन औषधांची मिळून एक गोळी दिली. तुझ्या सकाळच्या दोन गोळ्या असायच्या, माझी दोन्हींची एकच. मेडिकलवाल्याने पाकीट देताना बजावलं, "जिज्जी, नाश्ते के साथ लेना, खाली पेट नहीं." मी मान हलवली. नुसती मान हलवण्यात आपल्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

कारण संकष्टी आली तशी मी सकाळी उठले, आंघोळ केली, गोळी पाण्याबरोबर घेतली आणि दिवसभर तोंडात काही घातलं नाही. औषधाने उपास मोडत नाही, हा तुझा कायदा. धारच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी उभी राहून तू त्या दोन गोळ्या पाण्याच्या एका घोटात घेतेस, पदराने ओठ टिपतेस आणि म्हणतेस, "औषधाला दोष नाही." मग दिवसभर फक्त चहा, तोही बिनसाखरेचा, कारण तुला साखर वर्ज्य. साबुदाणासुद्धा तुला चालत नसे. उपासाला खायचं तर मग उपास कशाला, म्हणायचीस. बाबा दर वेळी "आधी पोटोबा मग विठोबा" म्हणून पाहायचे आणि दर वेळी बोलणी खायचे. दुपार कलली की घरात सगळे पाय न वाजवता चालायचे. "माईला चतुर्थी चढली," असं आम्ही भावंडं एकमेकांत कुजबुजायचो आणि बाबा आम्हाला तळ्यावर फिरायला काढायचे. उपासाचा ताप, नाकावरचा राग, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मी कॉलेजात असताना तुला साखर निघाली. त्याआधीच्या तुझ्या चतुर्थ्या मोदकांच्या पाऱ्या करताना गुणगुणत जायच्या, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्यातली एक संध्याकाळ मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला देवासच्या शाळेत नोकरी लागल्याचं पत्र आलं होतं. मी बाजारातून पेढे घेऊन धावत आले, देवापुढे ठेवले आणि तुला सांगायला आत आले. तू ओट्यापाशी उकड मळत होतीस. तुझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात थरथरत होते. मी म्हटलं, "माई, मला नोकरी लागली, देवासला." तू वर पाहिलंस. ते डोळे मला अजून दिसतात, जणू कुणी परकी बाई माझ्याकडे बघत होती. "जा," तू म्हणालीस. "जा एकदाची. तू नकोच होतीस मला. तेव्हाही नको होतीस." इतकंच. ओरडून नाही, साध्या आवाजात. मी मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. चंद्र उगवल्यावर तू पानं घेतलीस, दोन घास पोटात गेल्यावर माझ्या मोदकावर तूप वाढलंस आणि अगदी मायेने विचारलंस, "का गं, डोळे का सुजलेत?" मी म्हटलं, "कांदा." चतुर्थीच्या स्वयंपाकात कांदा कुठला! पण तू तेही विचारलं नाहीस. "तूप कमी तर नाही ना झालं?" एवढंच म्हणालीस.

मी देवासला आले. सुट्टीला धारला येत राहिले, तुझ्या पायाला तेल लावलं, शेवटच्या दुखण्यात तुझ्या उशाशी बसले. तू माझ्या हातचा वरणभात खाल्लास आणि "पोर गुणाची आहे" असं नर्सला सांगितलंस. ते ऐकतानाही ते वाक्य माझ्या आत ठाण मांडून बसलेलं होतं. नको होतीस. विचारायचं कसं? आणि विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?

आता माझ्या गेल्या संकष्टीचं ऐक. माझी मुलगी इंदूरहून आली होती. तिन्हीसांजेला मी नारळ फोडायला घेतला. त्यापुढचं मला तुटक आठवतं: कोयता जड लागत होता, पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं. मग एकदम मुलगी समोर, मी खुर्चीत, तिच्या हातात साखरेच्या पाण्याचा पेला. "आई, चुपचाप पी. बोलू नको." तिने माझ्या बोटाला सुई टोचून शुगर पाहिली होती, आकडा पन्नासच्या घरात. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली, चढलेली दिसली, तेव्हा तिने माझ्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं. मी म्हटलं, "अगं, चंद्र उगवायचाय अजून." ती म्हणाली, "चंद्राला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. उपासाचं कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "दिनभर खाया कुछ नहीं, और गोली ले ली?" मी म्हटलं, "दवाई से उपवास थोड़ी टूटता है." ते हसले नाहीत. "मैडम, गोली को नहीं मालूम कि आज चतुर्थी है. इसमें दो दवाएँ हैं. एक तो सीधी है. दूसरी आप खाओ न खाओ, शुगर उतारती रहेगी." आणि मग बजावलं, की उपास करायचा तर आधी येऊन विचारायचं, आपल्या मनाने गोळी बंदही करायची नाही आणि रिकाम्या पोटी घ्यायचीही नाही. मग त्यांनी विचारलं, आणखी काय काय झालं? मुलगी हसत म्हणाली, "सर, मुझे बोलीं, तुझे पाल के मेरी ज़िंदगी बरबाद हो गई, मेरे सामने से हट जा. मेरी आई! मैं तभी समझ गई कि शुगर गिरी है."

माई, मला यातलं काही आठवत नव्हतं. एक अक्षर नाही. मी तिथेच डॉक्टरांना विचारलं, की असं बोललेलं खरं असतं का? ते म्हणाले, "भूखा दिमाग बोलता है, मैडम. उसमें सच क्या ढूँढना." तरी घरी येऊन मी मन झाडून पाहिलं. माझ्या लेकीबद्दल तसं कधी, कुठल्या कोपऱ्यात तरी वाटलं होतं का? नाही गं. तिच्यापायी दमले, चिडले, पण नकोशी ती मला एक दिवस झाली नाही. मग ते शब्द आले कुठून? आणि ते माझे नसतील, तर तुझे तरी तुझे होते का? रात्री मुलगी झोपल्यावर मी खूप रडले. इतकी तर तू गेलीस तेव्हाही रडले नव्हते, कारण तेव्हा ते वाक्य आड येत होतं.

आज पुन्हा संकष्टी आहे. सकाळी पोहे खाल्ले, दोन घास झाल्यावर गोळी घेतली, दुपारी जेवले. संध्याकाळी आरती करीन आणि एक मोदक खाईन, एकच. लंबोदरच तो, त्याला पोटाचं कळत असेल. तू रागावशील, पण आता तुझ्या रागाची मला पहिल्यासारखी भीती वाटत नाही. हे लिहून मी कपाटात ठेवते आहे. मुलीला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र हिंदी शाळेतली ती एकेक अक्षर लावत बसते, तेव्हा घरात हे कुणी वाचेल अशी धास्ती नाही.

फक्त एक आहे. माझ्या वेळी मुलगी होती, तिने शुगर मोजली. त्या संध्याकाळी तुझी कुणीच मोजली नव्हती. खरं काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पण तुझी शुगर पन्नासच्याही खाली होती असं मी ठरवून टाकलं आहे, माई, आणि आता कुणी काही सांगायला आलं तरी मी ऐकणार नाही.